स्टेपर मोटर घुमते पण फिरत नाही (ए४९८८, नेमा १७) / नवीन अडचण: फिरते, पण २५ फेऱ्यांत १ मिमी सरकते

वेटोळे
रविवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. कॉइल भरायचं छोटं मशीन बनवतोय. बॉबिन फिरवायला डीसी मोटर आहे, तिच्या शाफ्टवर सेन्सर बसवलाय, ती बाजू छान चालते. अडलंय ते तार डावी-उजवीकडे सरकवणाऱ्या गाइडवर. गाइड लीड स्क्रूवर (आट्यांच्या लांब दांड्यावर) आहे, स्क्रूच्या एका फेऱ्यात ८ मिमी सरकतो. मोटर नेमा १७ मापाची स्टेपर (पावलापावलाने फिरणारी), चार वायरींची, लेबलवर १.५ अँपिअर लिहिलंय. ड्रायव्हर (मोटरला करंट देणारा छोटा बोर्ड) ए४९८८, कंट्रोलला आर्डुइनो उनो बोर्ड, सप्लाय १२ व्होल्ट. सगळं ब्रेडबोर्डवर.

आर्डुइनोवरून पल्स (विजेचे छोटे ठोके, एका ठोक्याला मोटरचं एक पाऊल) दिले की मोटर घुर्र करते आणि शाफ्ट जागच्या जागी थरथरतो, फिरत नाही. कधी कधी तर काहीच होत नाही, पण बोर्डाजवळ बोट नेलं की अचानक दचकल्यासारखी हलते. वायरी रंगाप्रमाणेच लावल्या आहेत, एका आकृतीत पाहिलं होतं तशा. तीन रात्री गेल्या यात. कुठून सुरुवात करू?

तांबडी_तार
रविवार, रात्री ११:०५

रंगांपासून सुरुवात करू नका, एवढं नक्की. स्टेपरच्या वायरींच्या रंगांना एकच असा नियम नाही. त्यात तुमच्या मोटरला जर काढता येणारी केबल असेल (मागे पांढरं सॉकेट), तर मधल्या दोन वायरी केबलमध्येच अदलाबदल झालेल्या असू शकतात. रंग बरोबर दिसतात आणि जोड्या चुकलेल्या असतात.

सप्लाय बंद करा, मोटर ड्रायव्हरपासून पूर्ण सोडवा. मल्टीमीटर ओहमवर ठेवा. ज्या दोन वायरींमध्ये दोन-तीन ओहम दिसतील ती एक कॉइल. बाकी दोन ती दुसरी. एका कॉइलची वायर आणि दुसऱ्या कॉइलची वायर यांच्यात काहीच दिसता कामा नये.

मीटर हाताशी नसेल तरी चालतं. कोणत्याही दोन वायरींची टोकं एकमेकांना चिकटवा आणि शाफ्ट बोटांनी फिरवा. एरवी हलका फिरणारा शाफ्ट एकदम खडबडीत, जड लागला तर जोडी सापडली. बोटाला फरक इतका स्पष्ट कळतो की शंका राहत नाही.

एक कॉइल ड्रायव्हरच्या १ए-१बी पिनांना, दुसरी २ए-२बी ला. जोडीतल्या दोन वायरी उलट लागल्या तर घाबरू नका, मोटर फक्त उलट्या दिशेने फिरेल.

पल्सवाली
रविवार, रात्री ११:२०

बोट नेल्यावर हलते यावरून सांगते, रिसेट पिन मोकळी सोडली आहे का बघा. ए४९८८ च्या या छोट्या बोर्डावर रिसेट पिन हवेत तरंगते, हाताचा, वायरीचा, कशाचाही परिणाम तिच्यावर होतो. शेजारच्याच स्लीप पिनला ती जोडून टाका. स्लीपला बोर्डावरच वर खेचणारा रेझिस्टर आहे, त्यामुळे दोन्ही हाय राहतात.

पावलाचा आकार ठरवणाऱ्या एमएस१, एमएस२, एमएस३ पिना मोकळ्या असतील तर चालेल, त्या आतून खाली ओढलेल्या असतात. म्हणजे सध्या तुमची मोटर फुल स्टेपवर (पूर्ण पावलावर) आहे, २०० पल्सला एक फेरा.

आणि पल्स किती वेगाने देताय? थांबलेल्या मोटरला एकदम सेकंदाला २००० फुल स्टेप दिल्या तर सगळं जोडकाम बरोबर असूनही ती फक्त घुमेल. सुरुवातीला सेकंदाला १०० वर आणा.

जुना_फोरमन
सोमवार, सकाळी ७:१५

वरच्या दोघांनी सांगितलंय ते आधी करा. त्यानंतरच्या दोन गोष्टी मी लिहितो, कारण मोटर फिरायला लागली की माणूस खूश होतो आणि या राहून जातात.

पहिली, कपॅसिटर. व्हीमॉट (मोटरच्या सप्लायची पिन) आणि ग्राउंड यांच्यामध्ये, बोर्डाच्या अगदी जवळ, १०० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक लावा, व्होल्टेज रेटिंग सप्लायपेक्षा भरपूर वरचं. बोर्डावर छोटे सिरॅमिक कपॅसिटर आहेत. सप्लायची वायर लांब असेल तर तिचा इंडक्टन्स आणि हे सिरॅमिक मिळून चालू करताक्षणी व्होल्टेज उसळतं. या चिपची मर्यादा ३५ व्होल्ट आहे आणि १२ व्होल्टच्या सप्लायवरसुद्धा ती उसळी ३५ च्या वर जाऊ शकते. चिप मरते आणि आपण म्हणतो, काही केलंच नव्हतं.

दुसरी, करंट. बोर्डावरचा छोटा प्रीसेट म्हणजे करंटची मर्यादा. प्रीसेटचा धातूचा भाग आणि ग्राउंड यांच्यात मीटर लावला की व्हीरेफ (संदर्भ व्होल्टेज) मिळतं. ए४९८८ साठी करंट म्हणजे व्हीरेफ भागिले (८ गुणिले सेन्स रेझिस्टर, म्हणजे करंट मोजणारा रेझिस्टर). रेझिस्टर बोर्डावरच आहेत, चिपजवळ दोन काळे चौकोनी तुकडे. आर१०० लिहिलं असेल तर ०.१ ओहम, आर०६८ असेल तर ०.०६८, आर०५० असेल तर ०.०५. भिंग घेऊन वाचा. कारण व्हीरेफ ०.८ व्होल्ट ठेवलं तर आर१०० वर १ अँपिअर होतो आणि आर०५० वर तोच आकडा २ अँपिअर मागतो. दुसऱ्याच्या बोर्डाचा आकडा उचलून आपल्या बोर्डावर लावणं हे ड्रायव्हर जळण्याचं मोठं कारण मी पाहिलंय.

हीटसिंक आणि हवा नसेल तर १ अँपिअरच्या वर जाऊ नका. मोटर १.५ ची आहे म्हणून १.५ दिलाच पाहिजे असं नसतं. तार सरकवायला लागते किती ताकद?

वेटोळे
सोमवार, रात्री ९:३०

फिरली! तांबडी_तार, तुमचं खरं निघालं. केबलमध्येच घोळ होता. काळी-निळी २.४ ओहम, हिरवी-लाल २.४ ओहम, आणि मी काळी-हिरवी एका बाजूला लावून बसलो होतो. रिसेट-स्लीप जोडल्यावर बोटाने दचकणंही बंद.

भिंगातून आर१०० वाचलं. व्हीरेफ १.२ होतं, म्हणजे दीड अँपिअर, आणि चिपवर हीटसिंक नाही. ०.७ वर आणलं, म्हणजे सुमारे ०.८८ अँपिअर. गाइड आरामात सरकतो. कपॅसिटर लावला.

एक शंका. रोध मीटरच्या वायरी धरून २.४, त्या वजा केल्या तर साधारण २.१. दीड अँपिअर गुणिले २.१ म्हणजे ३ व्होल्टच्या आसपास. मग ३ व्होल्टच्या मोटरला मी १२ व्होल्ट देतोय, हे चालतं?

पल्सवाली
सोमवार, रात्री १०:१०

चालतं, आणि तसंच द्यायचं असतं. तुमचा हिशेब बरोबर आहे, पण तो थांबलेल्या मोटरचा आहे.

कॉइल म्हणजे नुसता रोध नाही, तिला इंडक्टन्स आहे. करंट तिच्यात हळूहळू चढतो. ३ व्होल्ट दिले तर तो दीड अँपिअरपर्यंत पोचेल, पण पोचेपर्यंत पुढच्या स्टेपची वेळ झालेली असेल. वेग वाढवला की कॉइल भरतच नाही आणि मोटरची ताकद जाते. १२ व्होल्ट दिले की करंट झपाट्याने चढतो, ठरवलेल्या मर्यादेला पोचला की ड्रायव्हर तोडतो, उतरला की पुन्हा देतो. सेकंदाला हजारो वेळा हे चालू असतं. म्हणून व्होल्टेजने मोटर जळत नाही, करंटची मर्यादा चुकली तर जळते. २४ व्होल्टवर तुमचा वरचा वेग आणखी वाढेल.

याच कारणाने सप्लायच्या वायरीत अँपमीटर लावून मोटरचा करंट सेट करू नका. तिथे खूप कमी आकडा दिसतो, कारण सप्लाय १२ व्होल्टवर देतो आणि कॉइल ३ व्होल्टवर घेते. तो आकडा पाहून प्रीसेट वाढवत नेला तर कॉइलमध्ये भलताच करंट जाईल.

वेटोळे
बुधवार, रात्री ११:५०

वाईट बातमी. ड्रायव्हर गेला. मोटर चालू होती, केबल ओढली जात होती म्हणून तिचा प्लग काढून दुसऱ्या बाजूने लावला. काढताना बारीकशी ठिणगी, मग जळका वास. सप्लाय चालूच होता. आता बोर्डाला हात लावला तर १२ व्होल्ट देताच तापतो.

जुना_फोरमन
गुरुवार, सकाळी ६:५०

वाईट वाटलं वाचून. चालू ड्रायव्हरपासून मोटर कधीही सोडवायची नाही. कॉइलमधून करंट वाहत असताना वाट तोडली की तो करंट थांबायला तयार नसतो, व्होल्टेज वाढवून वाट शोधतो, आणि चिपचे आऊटपुट फुटतात. प्लग ढिला असेल, स्क्रू टर्मिनलमध्ये वायरीचे दोनच केस पकडलेले असतील, तरी हेच होतं. मशीन थरथरतं, संपर्क तुटतो-जुळतो, एक दिवस ड्रायव्हर बंद. म्हणून मोटरच्या वायरी ब्रेडबोर्डवर नकोतच. टोकांना फेरूल (धातूची नळी) दाबा, टर्मिनल आवळा, मग वायर ओढून बघा.

त्याच जातीची आणखी एक गोष्ट. मोटर बसवलेली असताना गाइड हाताने जोरात सरकवू नका. मोटर जनरेटर होते आणि व्होल्टेज उलटं ड्रायव्हरमध्ये ढकलते. हळू सरकवा.

वेटोळे
गुरुवार, रात्री ८:२०

माझ्याकडे एक डब्यातला ड्रायव्हर पडून आहे, टर्मिनल असलेला, ९ ते ४२ व्होल्ट, बाजूला डिप स्विच (सेटिंगचे छोटे स्विच). इनपुटला पल्स प्लस-मायनस, डायरेक्शन प्लस-मायनस, एनेबल प्लस-मायनस अशी सहा टर्मिनल आहेत. आर्डुइनोच्या दोन पिना आहेत, या सहांना कशा जोडायच्या?

तांबडी_तार
गुरुवार, रात्री ८:४५

प्रत्येक जोडीच्या मागे ऑप्टोकपलर आहे, म्हणजे आत एक एलईडी. एलईडी पेटली की सिग्नल पोचला. दोन पद्धती आहेत:

तिन्ही मायनस एकत्र करून आर्डुइनोच्या ग्राउंडला, आणि प्लस पिनांना. यात पिन हाय झाली की एलईडी पेटते.

किंवा तिन्ही प्लस एकत्र करून ५ व्होल्टला, आणि मायनस पिनांना. यात पिन लो झाली की एलईडी पेटते, म्हणजे सगळं उलटं.

दोन्ही चालतात, पण कोणती वापरली ते कोडच्या पहिल्या ओळीत लिहून ठेवा. एनेबल मोकळं सोडा, मोकळं असताना ड्रायव्हर चालू असतो. ५ व्होल्टचा उनो आहे म्हणून अडचण नाही. ३.३ व्होल्टचा बोर्ड असता तर एलईडी अर्धवट पेटून पल्स चुकले असते, आणि २४ व्होल्टच्या पीएलसीवरून (कारखान्यातल्या कंट्रोलरवरून) आणायचं तर मध्ये रेझिस्टर लागला असता.

डिप स्विचचा तक्ता वाचताना जपा. काही तक्त्यांत करंट पीक (कमाल) लिहितात, काहींत आरएमएस (परिणामी), काहींत दोन्ही रकाने. पीकला १.४ ने भागलं की आरएमएस.

वेटोळे
शुक्रवार, रात्री १०:००

लागला. प्लस सगळे ५ व्होल्टला जोडले. सप्लाय २४ व्होल्ट केला, करंट १ अँपिअर, स्विच फेऱ्याला ४०० पल्सवर. म्हणजे १ मिमीला ५० पल्स. माझी तार इनॅमल धरून ०.२ मिमी, एका वेटोळ्याला बरोबर १० पल्स. हिशेब सोपा पडतो म्हणून ४०० घेतला. वेग वाढवता-उतरवताना रॅम्प दिला आहे, मोटर एकदाही अडखळत नाही. उद्या पहिली खरी कॉइल.

वेटोळे
रविवार, सायंकाळी ६:३०

शीर्षक बदललं आहे, कारण आता वेगळंच दुखणं.

बॉबिनची भरायची रुंदी ३० मिमी. पहिले दहा थर सुंदर, तार तारेला चिकटून. मग डाव्या कडेला तार बॉबिनच्या भिंतीला घासायला लागली आणि उजवीकडे खाच राहू लागली. ५० थर झाल्यावर, म्हणजे गाइडच्या २५ जाऊन-येऊन फेऱ्या झाल्यावर, गाइड मूळ जागेपासून डावीकडे १ मिमी सरकलेला. डायल गेजने मोजलं. शेवटचे थर भिंतीवर चढून तार तुटली. हजारो वेटोळी वाया गेली.

मोटर अडखळल्याचा आवाज एकदाही नाही. करंट १.५ पर्यंत वाढवून रिकामं चालवलं, मोटर तापली, पण सरकणं तेवढंच.

स्क्रूपट्टी
रविवार, सायंकाळी ७:१०

कपलिंगचा (मोटर आणि लीड स्क्रू जोडणाऱ्या तुकड्याचा) ग्रब स्क्रू, म्हणजे शाफ्टवर आवळायचा छोटा स्क्रू, बघा. शाफ्टच्या सपाट बाजूवर बसलाय का? पाचपैकी चार वेळा तिथेच असतं. आणि स्क्रूच्या नटमधला ढिलेपणाही बघा.

पल्सवाली
रविवार, रात्री ८:००

कपलिंग बघायलाच हवं. नटचा ढिलेपणा मात्र साठत जात नाही. प्रत्येक वळणावर तेवढाच घाटा येतो आणि उलट वळणावर भरून निघतो. इथे तर चूक साठतेय.

वेटोळे, २५ फेऱ्यांत १ मिमी हे दोनदा मोजलंत का? दर वेळी तेवढंच, त्याच बाजूला येतं का?

वेटोळे
रविवार, रात्री ९:४५

ग्रब स्क्रू घट्ट आहे, सपाट बाजूवरच आहे. शाफ्ट आणि कपलिंगवर मार्करने एक सरळ रेघ मारली, चालवून झाल्यावरही रेघ सलग.

तीनदा चालवलं. ०.९९, १.००, १.०१. दर वेळी डावीकडे.

इएमआय_प्रेमी
रविवार, रात्री १०:०५

मला नॉइज (विजेचा गोंधळ) वाटतो. बॉबिनची डीसी मोटर शेजारीच आहे, ब्रशच्या ठिणग्यांचे खोटे पल्स पोचत असतील. सिग्नलच्या वायरी पिळून घ्या, मोटरच्या वायरींपासून लांब न्या, शील्ड एकाच टोकाला ग्राउंड करा.

पल्सवाली
रविवार, रात्री १०:५०

वायरी वेगळ्या न्याव्यातच, पण नॉइज इतका शिस्तीत वागत नाही. तीन वेळा एकच आकडा, एकच बाजू. त्या आकड्याकडेच जरा बघू या.

२५ फेऱ्यांत १ मिमी, म्हणजे एका फेरीला ०.०४ मिमी. १ मिमीला ५० पल्स, म्हणजे एक पल्स ०.०२ मिमी. फेरीमागे बरोबर २ पल्स.

आता मोटर ताकद अपुरी पडून सुटते तेव्हा काय होतं? रोटर (मोटरचा फिरणारा भाग) एकदा सुटला की तो मधेच कुठे थांबत नाही, पुढच्या त्याच फेजच्या (कॉइलच्या करंटच्या त्याच स्थितीच्या) जागेवर जाऊन बसतो. ती जागा ४ फुल स्टेपवर असते. ४ फुल स्टेप म्हणजे ७.२ अंश, तुमच्या स्क्रूवर ०.१६ मिमी. ताकदीमुळे चूक झाली तर ती ०.१६ च्या पटीतच येणार: ०.१६, ०.३२, ०.४८. ०.०४ ही चूक मोटर ताकद कमी पडून करूच शकत नाही. रोटर जिथे सांगितलं तिथेच जातोय. त्याला चुकीचं सांगितलं जातंय.

फेरीमागे २ पल्स, आणि एका फेरीत दोन वळणं. मला वळणावर संशय आहे. डायरेक्शन बदलल्यावर पहिला पल्स किती वेळाने देता?

वेटोळे
रविवार, रात्री ११:१५

लगेच. डायरेक्शनची पिन लिहितो, पुढच्याच ओळीत पल्स हाय, ५ मायक्रोसेकंद थांब, पल्स लो.

स्क्रूपट्टी
सोमवार, सकाळी ८:३०

मी असतो तर आधी मायक्रोस्टेप (एका पावलाचे बारीक तुकडे) वाढवून बघितलं असतं. फेऱ्याला १६०० करा, मोटर गुळगुळीत चालेल.

वेटोळे
सोमवार, रात्री ९:००

१६०० केलं, पल्सचे आकडे चौपट केले. २५ फेऱ्यांत आता ०.२५ मिमी सरकतं. बरंच सुधारलं! हाच उपाय धरू का?

पल्सवाली
सोमवार, रात्री ९:२०

नको, कृपा करून नको. चूक गेली नाही, फक्त लहान झाली. १६०० वर एक पल्स ०.००५ मिमी, फेरीला २ पल्स म्हणजे ०.०१, पंचवीस फेऱ्यांना ०.२५. पुन्हा बरोबर २ पल्स! स्क्रूपट्टींच्या प्रयोगाने एक गोष्ट मात्र पक्की झाली. यांत्रिक घसरण असती तर ती मिलिमीटरमध्ये तेवढीच राहिली असती. ती पल्समध्ये तेवढीच राहिली, म्हणजे दुखणं सिग्नलमध्ये आहे.

४०० वर परत जा, चूक मोठी दिसते तेव्हाच ती पकडता येते. कपलिंग काढा, मोटर एकटी ठेवा. शाफ्टला चिकटपट्टीचा छोटा झेंडा लावा, मोटरच्या तोंडावर खूण करा. १५०० पल्स पुढे, १५०० मागे, अशा १०० फेऱ्या. माझा अंदाज खरा असेल तर २०० पल्सचा फरक पडेल, म्हणजे झेंडा बरोबर अर्धा फेरा लांब, खुणेच्या समोरच्या बाजूला थांबेल.

मग एका कॉइलच्या दोन वायरी (सप्लाय बंद करून!) अदलाबदल करा आणि कोडमध्ये डायरेक्शन उलटं करा. गाइड पूर्वीसारखाच फिरेल. सरकण्याची बाजू बदलली तर शंकेला जागाच नाही.

आणि डब्याचं झाकण काढता आलं तर इनपुट टर्मिनलच्या मागे बघा. ऑप्टो किती पायांचे आहेत?

वेटोळे
मंगळवार, रात्री १०:३०

हे लिहिताना अंगावर काटा आलाय.

१०० फेऱ्या. झेंडा सुरुवातीला वर होता, थांबला तेव्हा थेट खाली. अर्धा फेरा, अगदी डोळ्यांनी दिसेल असा. कॉइलच्या वायरी बदलून गाइड जोडला, आता तो उजवीकडे सरकतो, तेवढाच.

झाकण काढलं. टर्मिनलच्या रांगेमागे तीन ऑप्टो आहेत. पल्सच्या मागचा मोठा, आठ पायांचा. डायरेक्शन आणि एनेबलच्या मागचे दोन छोटे, चार पायांचे. हेच का?

पल्सवाली
मंगळवार, रात्री ११:००

हेच. आठ पायांचा वेगवान, चार पायांचा साधा आणि संथ. पल्स सेकंदाला हजारो वेळा येतो म्हणून तिथे वेगवान लावतात, डायरेक्शन क्वचित बदलतं म्हणून तिथे साधा. साधा ऑप्टो पेटताना चटकन पेटतो, पण विझताना आतला ट्रान्झिस्टर बंद व्हायला कितीतरी मायक्रोसेकंद घेतो.

आता तुमच्या वळणावर काय होतं ते बघा. एका बाजूला वळताना डायरेक्शनची एलईडी पेटते, बातमी वेळेवर पोचते, सगळे १५०० पल्स त्या बाजूला. दुसऱ्या बाजूला वळताना एलईडी विझते, बातमी उशिरा पोचते, आणि तोवर तुमचा वेगवान पल्स पुढे निघून गेलेला असतो. पहिला पल्स जुन्याच दिशेला, उरलेले १४९९ नव्या दिशेला. निव्वळ १४९८. एका बाजूला १५००, दुसऱ्या बाजूला १४९८. तूट २, कायम एकाच अंगाला.

दोन्ही वळणांवर सारखा उशीर झाला असता तर चुकांनी एकमेकींना खाऊन टाकलं असतं आणि तुम्हाला कधीच कळलं नसतं.

डायरेक्शन बदलल्यावर १०० मायक्रोसेकंद थांबा. गाइड त्या क्षणी उभाच असतो, काही बिघडत नाही. आज फक्त एवढंच बदला, दुसरं काही नको.

नंतर आणखी एक सुधारा. तुम्ही प्लस सामाईक ठेवले आहेत, म्हणजे पिन लो असताना एलईडी पेटते. तुमच्या कोडमध्ये पल्सची पिन आरामात असताना लो आहे, म्हणून एलईडी कायम पेटलेली आणि पल्सच्या वेळी ५ मायक्रोसेकंद विझते. ते उलटं करा. आरामात हाय, पल्सला १० मायक्रोसेकंद लो.

जुना_फोरमन
बुधवार, सकाळी ७:००

चाळीस वर्षं मशीनवर काढली, पण चूक पल्समध्ये मोजून पकडायची ही रीत मी आजवर अशी स्वच्छ लिहिलेली वाचली नव्हती. पल्सवाली, मनापासून आभार.

पुढे येणाऱ्यांसाठी एक जोड. या डब्यातल्या ड्रायव्हरांच्या कागदात डायरेक्शन पल्सच्या किमान किती आधी द्यावं हे लिहिलेलं असतं, बऱ्याचदा ५ मायक्रोसेकंद. तो आकडा किमान आहे. लांब वायर, संथ ऑप्टो असेल तर त्याच्या दहापट देऊन मोकळं व्हावं.

वेटोळे
बुधवार, रात्री ११:४०

एक ओळ घातली, डायरेक्शननंतर १०० मायक्रोसेकंद. १०० फेऱ्या: झेंडा खुणेवर. खात्री होईना म्हणून १००० फेऱ्या चालवल्या, जेवून आलो, झेंडा खुणेवर.

मग पल्सची पिन उलटी केली, पुन्हा १००, खुणेवर. मगच कपलिंग जोडलं. आता भरतोय, ३४ वा थर चालू आहे, दोन्ही कडांना तार भिंतीला नुसती टेकते. तुटलेल्या कॉइलची तार वेगळी ठेवली आहे, तिच्यातून लहान बॉबिन भरेन.

शाईची_रेघ
गुरुवार, सकाळी ११:१०

पूर्ण धागा वाचला. माझ्याकडे पेन प्लॉटर आहे, चित्राच्या शेवटी रेघा सुरुवातीच्या रेघांना जुळत नाहीत, उजवीकडे सरकतात. आजवर मी पट्टाच आवळत राहिलो. माझी पुली २० दात्यांची, पट्टा २ मिमी पिचचा, ड्रायव्हर ए४९८८, मायक्रोस्टेप १६. माझ्याकडे ऑप्टो नाहीतच, तरी ही रीत चालेल?

पल्सवाली
गुरुवार, दुपारी १:००

चालेल. फेऱ्याला ४० मिमी, ३२०० पल्स, म्हणजे १ मिमीला ८० पल्स. एक पल्स ०.०१२५ मिमी, आणि ४ फुल स्टेप म्हणजे ०.८ मिमी. सरकणं ०.८ च्या पटीत येत असेल तर मोटर सुटतेय: वेग, रॅम्प किंवा करंट बघा. दर वळणाला ठराविक थोडं, पल्सच्या हिशेबात बसणारं असेल तर कोडमधलं वळण बघा. दोन्हीत बसत नसेल, दर वेळी वेगळा आकडा येत असेल, तर पुलीचा ग्रब स्क्रू.

पट्टा काढून, शाफ्टला झेंडा लावून १०० फेऱ्या करा आणि आकडा इथे टाका.

वेटोळे
गुरुवार, रात्री ९:१५

५० थर पूर्ण. गेजवर फरक ०.०१ च्या आत, म्हणजे एका पल्सपेक्षा कमी. शाईची_रेघ, झेंड्याला कागदी चिकटपट्टी वापरा, प्लास्टिकची वाऱ्याने वाकते.